वाचकांचे प्रश्न : मारक पेशी परक्याला ओळखतात कशा, मारतात कशा?

प्रतिकारसंस्थेतल्या मारक पेशींबद्दल वाचकांकडून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकात मिसळले आहेत. प्रत्यारोपणाबद्दलचं उत्तर फक्त समजून घेण्यासाठी आहे; औषधांचा निर्णय तुमची फाईल ज्यांच्याकडे आहे त्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

प्रश्न : ‘पांढऱ्या पेशी परक्या पेशींना ओळखून नष्ट करतात’ एवढं एकच वाक्य पुस्तकात असतं. ओळखतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि विषाणू तर आपल्याच पेशीच्या पोटात दडलेला असतो, तो बाहेरून दिसतो कसा?

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग कळीचा आहे. टी पेशीला (ही पांढऱ्या पेशींतलीच एक जात) दुसऱ्या पेशीच्या आत डोकावता येत नाही. त्यामुळे आत काय चाललंय ते बाहेर मांडून दाखवायचं काम प्रत्येक पेशीकडेच सोपवलेलं आहे. केंद्रक असलेली शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी ते अहोरात्र करत असते. तांबड्या पेशींना केंद्रक नसतं आणि त्या हे काम करत नाहीत. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरल्यावर मारक टी पेशींच्या हाती लागत नाही, तो याच कारणाने.

पेशीतली प्रथिनं सतत बनतात आणि मोडली जातात. मोडण्याचं काम प्रोटिआसोम करतं. त्यातून निघालेले काही तुकडे टॅप नावाचं वाहक प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, ओढून घेतं. तिथे एचएलए वर्ग-१ चे रेणू, म्हणजे तुकडे धरून दाखवणारी आपलीच प्रथिनं, रिकामी खाच घेऊन थांबलेले असतात. खाचेत साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा तुकडा बसतो, बहुतेकदा ९ चा. तुकडा घट्ट बसला तरच तो रेणू पेशीच्या पृष्ठभागावर टिकतो. कोणता तुकडा बसेल हे खाचेच्या आकारावर ठरतं. एचएलए-ए२ या प्रकारात दुसऱ्या जागी ल्युसिन आणि शेवटच्या जागी व्हॅलिन किंवा ल्युसिन असलेले तुकडे चांगले बसतात, दुसऱ्या प्रकारांची आवड वेगळी असते. एकाच विषाणूचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या माणसांत दाखवले जातात ते यामुळे.

एका पेशीवर असे साधारण लाखभर रेणू असतात आणि निरोगी पेशीत त्या सगळ्यांत आपलेच तुकडे असतात. विषाणू शिरला की त्याची प्रथिनंही त्याच यंत्रातून जातात आणि त्यांचे थोडे तुकडे वर येतात. टी पेशी करते ती शितावरून भाताची परीक्षा. लाखभर रेणूंपैकी दहाएक परके असले तरी अनुभवी मारक टी पेशीला तेवढे पुरतात.

टी पेशीचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे टीसीआर, एकटा तुकडा वाचत नाही. तो तुकडा आणि त्याला धरणारा आपला एचएलए रेणू यांना एकत्रच वाचतो. पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. एका वाणाच्या उंदराच्या टी पेशी त्याच वाणाच्या विषाणूग्रस्त पेशींना मारत होत्या, पण तोच विषाणू असलेल्या दुसऱ्या वाणाच्या पेशींना सोडून देत होत्या. या कामासाठी दोघांना १९९६ चं नोबेल मिळालं. १९८७ मध्ये क्ष-किरणांनी एचएलए-ए२ ची रचना उलगडली, तेव्हा खाचेत काहीतरी अडकलेलंही दिसलं. तो तुकडाच होता.

आता नाजूक भाग. टीसीआरची पकड फार सैल असते. आपल्या तुकड्यालाही ती क्षणभर चिकटते आणि सुटते. परक्या तुकड्यावर ती काही सेकंद टिकते. त्या वेळात पेशीच्या आतल्या प्रथिनांवर एकामागून एक फॉस्फेट चढत जातात आणि साखळी पूर्ण झाली तरच इशारा पक्का होतो. पकड मध्येच सुटली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आपलं आणि परकं यांतला फरक बऱ्याच अंशी असा वेळाने मोजला जातो, आणि ही गोष्ट पुस्तकांत यायलाच हवी असं आम्हांला वाटतं.

हे टीसीआर कोणी ठरवून बनवलेले नसतात. जनुकांचे तुकडे यदृच्छया जोडून ते तयार होतात, त्यामुळे आपल्याच पेशींवर उलटणारेही निघतात. थायमस ग्रंथीत त्यांची छाननी होते. आपला एचएलए अजिबात न ओळखणारे मरतात, फार घट्ट धरणारेही मरतात. थायमसमध्ये घडणाऱ्या पेशींपैकी ५ टक्क्यांहूनही कमी बाहेर पडतात. एवढं होऊनही एखादी नवखी टी पेशी थेट कोणाला मारू शकत नाही. आधी लसिकाग्रंथीत डेंड्रायटिक पेशीने (तुकडे गोळा करून दाखवणाऱ्या पेशीने) तिला तुकडा दाखवावा लागतो आणि सोबत बी७ रेणूचा दुसरा इशाराही द्यावा लागतो. नुसता पहिला इशारा मिळाला तर ती पेशी निष्क्रिय होते. दोन्ही मिळाले तर ती भराभर विभागते. नव्या विषाणूविरुद्ध मारक टी पेशींची फौज उभी राहायला पाच ते सात दिवस लागतात ते याचमुळे.

प्रश्न : मग विषाणूने एचएलए रेणूच गायब केले तर तो सुटला का?

उत्तर : तो प्रयत्न करतोच. सायटोमेगॅलोव्हायरसची यूएस२ आणि यूएस११ ही प्रथिनं नवा एचएलए रेणू आंतर्द्रव्यजालिकेतून मागे खेचून मोडीत काढायला लावतात. एचआयव्हीचं नेफ हे प्रथिन एचएलए-ए आणि बी पृष्ठभागावरून काढून घेतं. अशा पेशीपुढे टी पेशी आंधळी ठरते.

पण एनके, म्हणजे नॅचरल किलर, पेशी नेमकी हीच उणीव टिपतात. रक्तातल्या लिम्फोसाइटपैकी (टी, बी आणि एनके या पांढऱ्या पेशींपैकी) ५ ते १५ टक्के एनके असतात. त्यांच्यावर दोन तऱ्हेचे ग्राहक असतात. केआयआर गटातले बरेचसे ग्राहक आणि एनकेजी२ए हे एचएलए दिसला की ‘थांब’ म्हणतात. एनकेजी२डी सारखे ग्राहक ताणाखालच्या पेशीवर उगवणारे मायका, मायकबी हे रेणू दिसले की ‘मार’ म्हणतात. एनके पेशी दोन्हींची बेरीज करते. एचएलए नाही एवढ्यानेच मारलं जातं असं नाही, तसं असतं तर तांबड्या पेशी उरल्याच नसत्या. ‘मार’ म्हणणारंही काहीतरी समोर लागतं. ‘स्वतःची खूण हरवलेली पेशी’ ही कल्पना स्वीडनमध्ये क्लास कारे यांनी १९८० च्या दशकात मांडली.

विषाणूंचं उत्तर यावरही तयार आहे. सायटोमेगॅलोव्हायरसच्या यूएल४० या प्रथिनातून असा तुकडा निघतो, जो एचएलए-ई च्या खाचेत बसून एनकेजी२ए ला ‘सगळं ठीक आहे’ असं भासवतो. नेफही एचएलए-सी ला फारसा हात लावत नाही, कारण एनकेचे बरेच ‘थांब’ ग्राहक तोच वाचतात.

प्रश्न : ओळख पटल्यावर मारायचं कसं? आणि मारणारी पेशी स्वतः कशी वाचते?

उत्तर : टी पेशी असो वा एनके, शेवटची पद्धत एकच आहे. ती जवळून पाहू.

आधी मारक पेशी एलएफए-१ या प्रथिनाने भक्ष्याच्या आयकॅम-१ ला धरून घट्ट चिकटते. संपर्काच्या जागी एक कडं तयार होतं. काही सेकंदांत मारक पेशीत कॅल्शियम चढतं. मग तिचं तारककेंद्र (सूक्ष्मनलिका जिथून निघतात ती जागा) आपलं ठिकाण सोडून थेट संपर्काच्या पटलापाशी येतं आणि सूक्ष्मनलिकांवरून विषारी कणिका त्याच्यामागे ओढल्या जातात. त्या कड्याच्या आतच रित्या होतात, त्यामुळे शेजारच्या निरोगी पेशी सहसा बचावतात.

कणिकांमध्ये परफोरिन आणि ग्रँझाइम असतात. परफोरिनला काम करायला कॅल्शियम आणि उदासीन पीएच लागतो. कणिकेच्या आत पीएच साधारण ५ असतो, म्हणून तिथे ते निष्क्रिय राहतं. बाहेर पडल्यावर वीसएक परफोरिन रेणू भक्ष्याच्या पटलात कडं करून १५ ते २० नॅनोमीटरचं छिद्र पाडतात. नुसत्या छिद्राने पेशी मरतेच असं नाही. ती एक-दोन मिनिटांत पटल बुजवून घेते, पण तेवढ्यात ग्रँझाइम आत गेलेले असतात. ग्रँझाइम-बी कॅस्पेस-३ ला आणि बिड या प्रथिनाला कापतं. तिथून पेशीचा स्वतःचाच मृत्यूचा कार्यक्रम सुरू होतो. डीएनएचे तुकडे होतात, पटलावर फुगे येतात, पटलाच्या आतल्या बाजूचा फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेदरेणू बाहेर येतो आणि मॅक्रोफेज या गिळणाऱ्या पेशी ते अवशेष गिळतात. पेशी फुटून सांडत नाही, त्यामुळे आतला विषाणूही बराचसा तिथेच संपतो. एफएएस या ग्राहकाला चिथावून मारण्याचा दुसरा रस्ताही आहे, पण तो हळू चालतो.

मारणारी वाचते ती तिच्या पटलामुळे. संपर्काच्या जागी तिच्या पटलातले मेदरेणू इतके दाटीने रचलेले असतात की परफोरिनला शिरायला जागा मिळत नाही. जे चिकटतं त्यालाही तिथला फॉस्फॅटिडिलसेरिन निकामी करतो. म्हणून ती सुटून लगेच पुढच्या पेशीकडे जाऊ शकते.

सुटण्याला फार महत्त्व आहे. भक्ष्य मरू लागलं की पकड सैल होते. जन्मतः परफोरिन सदोष असलेल्या बालकांत भक्ष्य मरतच नाही, संपर्क नेहमीच्या सुमारे पाचपट वेळ टिकतो आणि तेवढा वेळ मारक पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे चेतवणारं प्रथिन ओतत राहते. त्याने मॅक्रोफेज चवताळतात. सतत ताप, वाढलेली प्लीहा, घसरलेल्या रक्तपेशी, खूप चढलेलं फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) असं चित्र दिसतं. हा आजार म्हणजे कौटुंबिक एचएलएच (हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस). उपचार न मिळाल्यास तो जीवघेणा ठरतो आणि कायमचा इलाज अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच आहे. अशा बाळाचा ताप नुसता ‘संसर्गाचा ताप’ म्हणून लांबवत नेणं धोक्याचं असतं.

प्रश्न : जिवाणूंना एचएलए नसतो. त्यांना कोण ओळखतं?

उत्तर : जिवाणूंच्या बाबतीत ओळख सोपी आहे, कारण त्यांच्याकडे आपल्याकडे नसलेलीच रसायनं असतात. टीएलआर-४ हा ग्राहक ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड ओळखतो, टीएलआर-५ त्यांच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जिवाणूला गिळतात, आतल्या पिशवीत ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी हायपोक्लोरस आम्ल बनवतात. पहिल्या पायरीचं एन्झाइम जन्मतः सदोष असेल तर गिळलेले जिवाणू आणि बुरशी मरत नाहीत, गळवं पुन्हा पुन्हा होतात. याशिवाय रक्तातली पूरक प्रथिनं काही जिवाणूंच्या पटलात थेट छिद्र पाडतात. त्यातलं सी९ हे परफोरिनचंच दूरचं नातलग. आपल्या पेशींवर सीडी५९ हे प्रथिन असल्याने त्या वाचतात.

प्रश्न : कर्करोगाची पेशी तर आपलीच. मग टी पेशी तिला मारते कशी आणि सोडते का?

उत्तर : बदललेल्या जनुकांमुळे तिची काही प्रथिनं बदलतात आणि त्यांचे तुकडे परके वाटतात, म्हणून मारते. सोडण्याची दोन मोठी कारणं. एक, गाठ एचएलएचा घटक असलेलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन गमावते आणि दाखवणंच बंद करते. दोन, ती पीडी-एल१ हा रेणू आपल्या पृष्ठभागावर आणते, जो टी पेशीवरच्या पीडी-१ ला लागून तिला थंड करतो. पीडी-१ रोखणारी प्रतिपिंडं दुसऱ्या अडचणीवर चालतात, पहिल्यावर सहसा नाही. तासुकू होंजो आणि जेम्स ॲलिसन यांना हे ब्रेक सोडवण्याच्या कामासाठी २०१८ चं नोबेल मिळालं. ब्रेक सुटले की आपल्याच आतड्यावर, थायरॉइडवर, फुप्फुसांवर हल्ला होऊ शकतो. या उपचारात सतत जुलाब लागले किंवा नवा खोकला-धाप सुरू झाली तर त्याच दिवशी कळवायचं, पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

प्रश्न : धाकट्या भावाला मूत्रपिंड देणार आहे. आमचे एचएलए पूर्ण जुळले. तरी त्याला कायम औषधं का? आणि एकदा क्रॉसमॅच झालं असताना पुन्हा का करायचं?

उत्तर : एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि सहसा गठ्ठ्यानेच वारशाने येतात. म्हणून सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, अर्धं जुळण्याची ५० टक्के आणि काहीच न जुळण्याची २५ टक्के. तुमचा योग चांगला आहे. एचएलए जुळला नाही तर माणसाच्या टी पेशींपैकी १ ते १० टक्के त्या परक्या एचएलएवर उठू शकतात. एखाद्या विषाणूवर उठणाऱ्या पेशी याच्या तुलनेत नगण्य असतात.

पण खाच सारखी असली तरी तीत बसणारे तुकडे सारखे नसतात. इतर हजारो प्रथिनांत भावाभावांत लहान लहान फरक असतात आणि ते दाखवले जातात. फरक नसतो तो फक्त एकबीज जुळ्यांत. १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी केलेलं पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण एकबीज जुळ्यांतलंच होतं. औषधांपैकी टॅक्रोलिमस टी पेशीतल्या कॅल्सिन्युरिनला अडवतं, त्यामुळे कॅल्शियम चढूनही विभागण्याचा हुकूम केंद्रकापर्यंत पोचत नाही. त्याची रक्तातली पातळी पुढचा डोस घेण्याआधी तपासतात. तपासणीच्या सकाळी गोळी आधी घेतली तर आकडा खोटा उंच येतो आणि डोस चुकीने कमी केला जातो. क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरची फ्लुकोनाझोलसारखी औषधं पातळी चढवतात, रिफॅम्पिसिन ती पाडतं. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांनी औषध लिहून दिलं तर टॅक्रोलिमस चालू असल्याचं आधी सांगायचं.

क्रॉसमॅच ही वेगळी तपासणी आहे. ती प्रतिपिंडं शोधते. दात्याचे लिम्फोसाइट आणि रुग्णाचा सीरम एकत्र ठेवतात, मग सशाचं पूरकद्रव्य (वर सांगितलेली पूरक प्रथिनं) घालतात. रुग्णाकडे दात्याविरुद्ध प्रतिपिंडं असतील तर त्या पेशी मरतात आणि रंग आत घेतात. अशी प्रतिपिंडं रक्त चढवल्याने, गर्भारपणाने किंवा आधीच्या प्रत्यारोपणाने तयार होतात. पहिल्या तपासणीनंतर भावाला रक्त चढवलं असेल तर जुना निकाल धरता येत नाही, म्हणून शस्त्रक्रियेच्या तोंडावर ती पुन्हा करतात. ती न करता मूत्रपिंड जोडलं आणि प्रतिपिंडं असली, तर काही मिनिटांत ते निळं पडून निकामी होऊ शकतं. निकाल पॉझिटिव्ह आला म्हणजे दार बंद झालं असंही नाही. आयजीएम प्रकारची निरुपद्रवी स्वप्रतिपिंडं डीटीटी हे रसायन घातल्यावर निकामी होतात, आणि रिटुक्सिमॅब हे बी पेशींवरचं औषध दिलं असेल तर बी पेशींचा क्रॉसमॅच खोटा पॉझिटिव्ह येतो. भावाला गेल्या काही महिन्यांत काय काय दिलं, त्याची यादी प्रयोगशाळेला आवर्जून द्या.

प्रश्न : के५६२ (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशींवर एनकेची मारकशक्ती क्रोमियम पद्धतीने मोजते आहे. आपोआप होणारी गळती ३८ टक्के आणि मरण फक्त ८ टक्के येतं. चूक कुठे असेल?

उत्तर : या पद्धतीत भक्ष्य पेशींत किरणोत्सारी क्रोमियम भरतात आणि त्या मेल्यावर बाहेर गळलेलं मोजतात. कमाल गळती म्हणजे सगळ्या पेशी फोडल्यावरची. आधी हिशेब. प्रयोगातली गळती वजा आपोआप गळती, भागिले कमाल गळती वजा आपोआप गळती, गुणिले १००. प्रयोगात १,४०० काउंट, आपोआप ४००, कमाल २,४०० असेल तर मरण ५० टक्के. तुमच्या ३८ टक्क्यांनुसार कमाल २,४०० धरली तर आपोआप गळती ९१२ होते, आणि ८ टक्के मरण म्हणजे अवघ्या ११९ काउंटचा फरक. एकसारख्या तीन वेलमधला (प्लेटमधल्या खळग्यांमधला) नेहमीचा फरकही तेवढा असू शकतो. तेव्हा ८ हा आकडा आत्ता वाचूच नका. आपोआप गळती २० टक्क्यांच्या वर गेली की ती प्लेट बाद धरा.

गळती जास्त म्हणजे के५६२ आधीच आजारी आहेत. आदल्या दिवशी त्या नव्या माध्यमात पातळ करा. घनता मिलिलिटरला २ ते ५ लाख ठेवा. ट्रिपॅन ब्लूने ९५ टक्क्यांहून अधिक जिवंत दिसल्या तरच पुढे जा. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची तपासणी करून घ्या. तो नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही आणि गळती वाढवतो. माध्यमातला सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेला आहे ना, तेही पाहा, नाहीतर त्यातलं पूरकद्रव्यच पेशी मारतं. दहा लाख पेशींना १०० मायक्रोक्युरी, ३७ अंशांवर एक तास, मग तीन धुवण्या. शेवटच्या धुवणीआधी अर्धा तास तशाच ठेवल्या तर सैल चिकटलेलं क्रोमियम निघून जातं. क्रोमियम-५१ चं अर्धायुष्य सुमारे २८ दिवसांचं आहे, त्यामुळे जुन्या बाटलीतून घेताना आकारमान वाढवावं लागतं. शिशाचा आडोसा आणि किरणोत्सर्ग मोजणारा बॅज यांना पर्याय नाही.

आता मरण कमी का. गोल तळाच्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येकी ५,००० ते १०,००० के५६२ घ्या. ५० : १ असं गुणोत्तर तुम्ही रक्तातल्या सगळ्या मोनोन्यूक्लिअर पेशींवर धरत असाल तर त्यांत एनके दहाएक टक्केच, म्हणजे खरं गुणोत्तर ५ : १ आहे. फ्लो सायटोमेट्रीने एनके मोजून मगच गुणोत्तर लिहा. गोठवून पुन्हा वितळवलेल्या एनके पेशी मंदावलेल्या असतात. त्या रात्रभर आयएल-२ या चेतवणाऱ्या प्रथिनात ठेवल्या तर जाग्या होतात, पण मग तो आकडा ताज्या रक्ताशी ताडून पाहायचा नाही. पेशी मिसळल्यावर सेंट्रिफ्यूजमध्ये १०० जीवर एक मिनिट फिरवून खाली बसवा, नाहीतर चार तासांतला बराच वेळ एकमेकींना गाठण्यातच जातो. शेवटी १०० मायक्रोलिटर उचलताना टोक तळाला लागू देऊ नका.

आणि रक्त ईडीटीएच्या नळीत घेतलं असेल तर ते तपासा. उरलेला ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतो, मग कणिका सुटत नाहीत आणि परफोरिनही चालत नाही. हेपरिनची नळी वापरा किंवा पेशी नीट धुवा. हाच गुण पुढे नियंत्रणासाठी उपयोगी पडतो. काही वेलमध्ये ईजीटीए आणि मॅग्नेशियम घाला. तिथलं मरण नाहीसं झालं तर तुम्ही मोजलेलं काम परफोरिनचं होतं. जोडीला सीडी१०७ए हे कणिकांच्या पटलातलं प्रथिन पाहणार असाल तर त्याचं प्रतिपिंड सुरुवातीलाच घाला आणि मोनेन्सिनही द्या, कारण हे प्रथिन पृष्ठभागावर येऊन लगेच आत ओढलं जातं. ते दिसलं म्हणजे कणिका सुटल्या, एवढंच सिद्ध होतं. भक्ष्य मेलं की नाही ते क्रोमियमच सांगेल.